खेड ते रत्नागिरी, खाड्या ओलांडत: एमटीबी (माउंटन बाईक) वाल्यांसाठी चार दिवसांचा रूट

नकाशावर किनाऱ्याला चिकटून जाणारी रेघ बघून सपाटच असणार असं समजून येऊ नका. मी पहिल्यांदा तसाच आलेलो आणि दुपारी बाराच्या उन्हात बुरोंडीच्या चढावर सायकल ढकलत होतो. कोकणात वाडी खाली समुद्राकाठी, तिथून घाटी चढून शंभर-दीडशे मीटर वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या मोकळ्या पठारावर जायचं, सडा संपला की परत सुसाट खाली खाडीवर, आणि खाडीपलीकडे तेच सगळं पुन्हा. त्यामुळे पुण्यात रोज ऐंशी किमी मारतो वगैरे हिशोब इथे विसरायचा, दिवसाला पन्नास धरायचे आणि आज किती वेळा शून्यावर उतरायचंय तेवढं मोजायचं, संध्याकाळी पायांची अवस्था त्यावरच ठरते.

सायकल: साधी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) भरपूर झाली, फुल सस्पेन्शनचं वजन इथे चढावर नुसतं अंगावर येतं. टायर २.१ इंचाच्या पुढचे, डांबरावर हवा जास्त ठेवा आणि सड्यावर किंवा पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) जाताना कमी करा, म्हणजे पंप बॅगेच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात. मागच्या गिअरचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र मात्र खरोखर मोठं पाहिजे. ब्रेकपॅड निघायच्या आधी बघून घ्या, कारण घाट्यांचे उतार छोटे असले तरी उभे आहेत आणि वळणावर जांभ्याची माती आणि खडी पसरलेली असते, तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबला की संपलं.

सीझन नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सडा दिसतो फार भारी, पण कातळावर शेवाळ धरतं आणि त्यावर कुठलाच टायर थांबत नाही. ऑक्टोबरात गवत उंच असतं, खाली दगड की खड्डा काही कळत नाही.

ट्रेनने खेडला उतरा. तिथे गाडी जेमतेम थांबते, ब्रेकव्हॅनमधून सायकल उतरवण्याच्या भानगडीत पडू नका, दोन्ही चाकं काढून बॅगेत घालून सोबतच ठेवलेली बरी. खेड ते दापोली अठ्ठावीस-तीस किमी, वाकवलीवरून, बहुतेक चढच. एवढं चढल्यावर दापोलीत पोटभर खा, मग हर्णै रोडला लागा. वाटेत आसूद आहे, तिथे सायकल खाली लावून केशवराजच्या देवळात पायी जायचं, पोफळीच्या बागेतून साकव (छोटा पूल) ओलांडून पायऱ्या, आणि आत एवढा गारवा असतो की घाम अंगावरच सुकतो. मुक्काम मुरुड नाहीतर कर्द्याला. मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव, जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, लॉज बुक करताना लोक हमखास घोळ करतात.

कर्द्याच्या पुळणीवर सायकल चालवायची असेल तर ओहोटी पाहिजे, सुक्या वाळूत चाक रुततं, पण पाणी नुकतंच मागे गेलेल्या ओल्या वाळूवर डांबरापेक्षा मस्त पळते. ओहोटी कधी हे अॅपवर दिसतं, पण रेंज नसली तर जुना हिशोब लक्षात ठेवा, तिथीला पाऊणने गुणायचं. आज पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहाएक तास मागे-पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाला बीच मोकळा. शुद्ध असो की वद्य, आकडा तोच. मुंबईपासून दक्षिणेकडे जाल तशी वेळ थोडी आधी येते, तेवढा फरक धरा. आणि पुळणीवरून आल्यावर त्याच संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुवा, पुसा, चेनला तेल घाला. एकदा मी उद्या बघू म्हणून झोपलो, सकाळी चेन नारिंगी झालेली आणि दोन दिवस दारासारखी कुरकुरत होती. बीचवर रात्री मात्र जाऊ नका, हा कासवांच्या अंडी घालण्याचा सीझन असतो, लाईटने ती बिचकतात.

दुसरा दिवस लाडघर, बुरोंडी, मग दाभोळ. बुरोंडीला वर परशुरामाचा मोठा पुतळा आहे, तो दिसला की समजायचं चढ संपत आला. दाभोळात चंडिकादेवीचं देऊळ जमिनीखाली गुहेत आहे, आत फक्त तेलाचे दिवे, डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं भिंत धरून उभं राहा. मग जेट्टी. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे, तीत गाड्या चढतात, सायकलही चढते आणि वाशिष्ठीच्या मुखावरून पलीकडे जाता येतं, नाहीतर पार चिपळूणवरून वळसा. बोट लागली की सगळ्यांच्या मोटारसायकली एकदम घुसतात, तुम्ही घाई करू नका. लोखंडी फळी ओली असते, वर ग्रीस आणि शेवाळ, मी क्लीटचे (पेडलला अडकणाऱ्या कडक सोलचे) शूज घालून सायकल हातात धरून तिथेच साष्टांग घातलेला, एक मासेवाल्या मावशी टोपली बाजूला ठेवून हसत म्हणाल्या, "बोटीला नमस्कार केलात काय?" तेव्हापासून साधे रबरी सोलचे शूज. बोटीच्या वेळा बदलत राहतात, आदल्या संध्याकाळी चौकशी केलेली बरी.

धोपाव्याला उतरलं की लगेच चढ, पाय गार पडलेले असतात म्हणून तो जास्त लागतो. गुहागरला मुक्काम. जेवणाचं मात्र दुपारीच फोन करून सांगून ठेवा, इथल्या घरगुती खानावळीत माणसं मोजून भात लावतात, रात्री साडेनऊला अचानक चार जण जाऊन उभे राहिलात तर त्यांनाही वाईट वाटतं आणि तुम्हाला बिस्किटं खावी लागतात.

तिसरा दिवस सगळ्यात भारी आणि सगळ्यात लांब, गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, बोटीने जयगड आणि मुक्काम गणपतीपुळे, साठ-पासष्ट किमी होतात. पहाटे निघा. हेदवीला बामणघळ आहे, कातळात अरुंद चीर, भरतीला लाट आत घुसते आणि पाणी तोफेसारखं वर उडतं, म्हणजे पुळणीसाठी ओहोटी आणि घळीसाठी भरती, तिथीचा हिशोब इथेही उपयोगी. जवळ जाऊन सेल्फी नको, तो कातळ बुळबुळीत असतो. जयगडला उतरून चढलात की शास्त्री खाडी मागे राहते आणि पुढे मोकळा सडा.

इथे डांबर सोडायला हरकत नाही. सड्यावर गुरांच्या वाटा, बैलगाडीच्या जुन्या चाकोऱ्या, चिऱ्याच्या खाणी, मध्येच गडगा आडवा येतो, उचलून पलीकडे जायचं, पण गडग्याचे दगड पाडू नका, ते कोणाच्या तरी कलमांचं कुंपण आहे. दगडांत हात घालू नका आणि बघितल्याशिवाय बसू नका, फुरसं (विषारी साप) असतं. सावली शून्य, त्यामुळे तीन लिटर पाणी, संपलं तर सरळ एखाद्या घरी मागा, बहुतेक ठिकाणी सोबत गुळाचा खडाही मिळेल. रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, उक्षी, जांभरुण, कशेळी वगैरे, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत. कातळावर कोरलेली रेघ दिसली की उतरा, चाक वरून नेऊ नका, जांभा वाटतो तेवढा कडक नसतो.

रस्ता विचारताना एक टीप. "किती लांब?" विचारलंत तर उत्तर येणार "हे काय, इथंच", आणि त्यात दोन घाट्या असतात. "मध्ये उतार किती?" असं विचारा, मग माणूस विचार करून खरं सांगतो.

चौथा दिवस छोटा, गणपतीपुळे ते रत्नागिरी आरे-वारेवरून पंचवीसेक किमी. आरे-वारेच्या वरच्या वळणावर सगळे थांबतात, तुम्हीही थांबा, सकाळी आठच्या आत गर्दी नसते. पुढे साखरतरचा पूल, शिरगाव आणि शहर. दुपारची ट्रेन असेल तर गावात निवांत बसू नका, कारण स्टेशन गावात नाही, वर कुवारबावला आहे, म्हणजे शेवटचा एक चढ बाकीच. त्यासाठी एक केळं राखून ठेवा.