वर्तुळाकार गतीत त्वरण बदलतंय? मग या चुका टाळा

गणितात त्वरण दिसलं की हात आपोआप ‘व्ही बरोबर यू अधिक एटी’कडे वळतो (यू सुरुवातीची चाल, व्ही नंतरची, ए त्वरण, टी वेळ). ते सूत्र त्वरण स्थिर असतानाचं. बदलत्या त्वरणाला ते लावलं, तर उत्तर सपशेल चुकतं.

समजा, १२.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर गाडी स्थिर अवस्थेतून निघाली. स्पर्शरेषेच्या दिशेचं तिचं त्वरण ०.६टी मी/से² आहे (टी म्हणजे सेकंद). ४ सेकंदांनी ते २.४ होतं. हाच आकडा सूत्रात घातला तर चाल ९.६ मी/से येते. संकलन (इंटिग्रेशन) केलं, तर ०.३टी², म्हणजे ४.८. थेट दुपटीचा फरक!

चाल बरोबर काढूनही मार्क जातात. ‘एकूण त्वरण किती?’ या प्रश्नाला बरेच जण २.४ लिहून मोकळे होतात. पण गाडी वळतेही आहे, म्हणून केंद्राच्या दिशेचं त्वरण मोजावंच लागतं: ४.८ चा वर्ग भागिले १२.८, म्हणजे १.८. दोन्ही त्वरणं एकमेकांना काटकोनात, त्यामुळे सरळ बेरीज करून ४.२ लिहू नका. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतलं की ३ मी/से² मिळतं. कापलेलं अंतर ०.१टी³, म्हणजे ६.४ मीटर, त्रिज्येने भागलं की कोन ०.५. हे रेडियन आहेत, अंश नव्हेत.

त्वरण कशावर अवलंबून आहे, हे आधी बघा. वेळेवर असेल तर वेळेनुसार संकलन. अंतरावर (एस) असेल तर ‘व्ही डीव्ही बरोबर ए डीएस’चं संकलन. सुरुवातीची चाल दिली असेल तर ती संकलनाच्या मर्यादेत घाला. ती विसरणं ही माझ्या मते सगळ्यांत स्वस्तातली चूक.

उभ्या वर्तुळात मात्र भले भले फसतात. दोरीला बांधलेला गोळा आडव्या स्थितीतून सोडला, तर स्पर्शरेषेच्या दिशेचं त्वरण सुरुवातीला जी (गुरुत्वत्वरण) आणि तळाशी शून्य असतं. ते सगळीकडे जी धरून पाव वर्तुळावर ‘व्ही² बरोबर यू² अधिक २एएस’ लावलं, की तळाशी चालीचा वर्ग π गुणिले जीएल येतो (एल म्हणजे दोरीची लांबी). खरा आहे २जीएल. ऊर्जेच्या अक्षय्यतेने तो एका ओळीत निघतो. मग तळाशी दोरीतला ताण ३एमजी (एम म्हणजे गोळ्याचं वस्तुमान). तुमच्या वहीत २एमजी आला असेल, तर फ्री बॉडी डायग्राममध्ये (वस्तूवरची सगळी बलं दाखवणाऱ्या आकृतीत) गोळ्याचं वजन दाखवायचं राहिलंय.