गुलाबाची छाटणी आणि छाटलेल्या फांद्यांपासून नवी रोपं

गुलाबाची छाटणी लोक उगाच भीत भीत करतात. खरी काळजी घ्यायची असते ती त्याच फांद्यांपासून रोपं करताना, आणि तिथे नेमकी घाई होते. म्हणून छाटणी थोडक्यात उरकतो.

कडाक्याची थंडी पडते तिथे हिवाळा सरताना, डोळे (फांदीवरच्या गाठी, जिथून कोंब फुटतो) फुगायला लागले की छाटावं. दव गोठत नाही अशा ठिकाणी पाऊस संपून थंडी सुरू होताना छाटावं. वर्षातून एकदाच फुलणारा वेली गुलाब मात्र फुलं संपल्यावरच छाटा, नाहीतर त्या वर्षीची फुलं कात्रीतच गेली म्हणून समजा. आधी वाळक्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा. मग उरलेल्या साधारण निम्म्यावर आणा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटीमीटर वर घ्या, तिरका, उतार डोळ्याच्या उलट दिशेला. डोळ्याच्या वर लांब खुंटी ठेवली की ती वाळते आणि वाळणं खाली उतरत जातं. कापल्यावर फांदीचा गाभा बघा. पांढरट-हिरवा असेल तर थांबा, तपकिरी दिसला तर आणखी खाली कापा.

कलमी झाडात चांगल्या गुलाबाचा डोळा दुसऱ्या, जंगली गुलाबाच्या मुळांवर भरलेला असतो; त्या खालच्या भागाला खुंट म्हणतात. डोळा भरलेल्या जागेच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा, म्हणजे जंगली. तो वरून कापू नका, माती बाजूला करून मुळापाशी खेचून काढा. ‘एका देठावर सात पानं असली की जंगली’ हा सल्ला सोडून द्या. कितीतरी चांगल्या गुलाबांना सात पानं असतात. फुटवा कुठून निघाला तेवढंच बघायचं.

आता रोपांसाठी फांदी. नुकतंच फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची निवडा. तिच्यावरचा एक काटा अंगठ्याने बाजूला ढकला. कट्कन तुटला आणि मागे ओलसर हिरवी खूण राहिली तर फांदी तयार आहे. काटा नुसताच वाकला तर ती कोवळी, कुजेल. हललाच नाही तर जून, तिला मुळं यायला फार वेळ लागेल.

पंधरा ते वीस सेंटीमीटरचे तुकडे करा, प्रत्येकावर तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या थोडा वर. वरची एक-दोन पानं ठेवून बाकीची काढा. खालच्या टोकाला एका बाजूने दोन सेंटीमीटर साल हलकेच खरवडा आणि तिथे मुळं फुटण्याची पावडर लावा. बटाट्यात फांदी खोचण्याचा उपाय सगळीकडे फिरतो, तो करू नका. बटाटा कुजतो आणि फांदीलाही कुजवतो.

माध्यम म्हणजे जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं. शेणखत, कंपोस्ट काही नाही. मुळं नसलेल्या फांदीला खत घेताच येत नाही, उलट बुरशीला खाद्य मिळतं. आधी काडीने भोक पाडा, म्हणजे पावडर घासून जाणार नाही. दोन डोळे आत जातील इतकं खोचा, दाबा, पाणी द्या आणि वरून पारदर्शक पिशवी घाला. जागा उजेडाची हवी, पण थेट ऊन नको. पिशवीखाली ऊन आलं तर फांद्या उकडून निघतात. शक्य असेल तर पारदर्शक प्लास्टिकचे पेले वापरा, बुडाला भोकं पाडून. त्याचं कारण पुढे आहे.

दोन-तीन आठवड्यांत वरच्या डोळ्यातून लालसर कोंब निघतो आणि इवली पानं उलगडतात. मी पाहिलेल्या अशा लावलेल्या बहुतेक फांद्या यानंतरच मेल्या. ही पानं मुळांच्या जिवावर आलेली नसतात. फांदीत साठलेल्या अन्नावर ती फुटतात, आणि त्या वेळी मातीत बहुधा एकही मूळ नसतं. कापलेल्या टोकाशी फक्त फिकट, खडबडीत गाठ धरलेली असते. मुळं फुटायची असतात ती त्यानंतर. लोक कोंब बघून हरखतात, पिशवी काढतात, कुंडी उन्हात नेतात. पानं पाणी उडवत राहतात, खालून भरपाई होत नाही, आणि चार दिवसांत सगळं काळं पडतं. मग ‘पाणी कमी पडलं’ म्हणून आणखी पाणी ओततात.

पानं आली म्हणून काहीही बदलू नका, असं मी प्रत्येकाला निक्षून सांगतो. पिशवी तशीच राहू द्या. रोज उघडून बघू नका. आत पाण्याचे थेंब दिसताहेत तोवर पाणी देऊ नका. गळलेलं पान दिसलं तर मात्र लगेच उचला, बुरशी तिथूनच पसरते. आणि ‘लागलंय का’ म्हणून फांदी ओढून बघण्याची सवय पहिल्यांदा सोडा. नवं मूळ इतकं ठिसूळ असतं की त्या एका हिसक्याने तुटतं. पारदर्शक पेला याचसाठी. पेल्याच्या भिंतीला पांढरी मुळं चिकटलेली दिसली की शंका उरत नाही. याला साधारण चार ते आठ आठवडे लागतात, थंडीत जास्तही.

मुळं दिसल्यावरही पिशवी एकदम काढायची नाही. आधी एक कोपरा उघडा, मग रोज थोडं जास्त. आठवडा-दहा दिवसांत रोपाला उघड्या हवेची सवय होते. त्यानंतर मातीच्या गोळ्यासकट मोठ्या कुंडीत लावा आणि सकाळच्या कोवळ्या उन्हापासून सुरुवात करा. खत महिनाभराने, तेही पातळ. पहिल्या कळ्या खुडून टाका. जीव होत नाही, पण मुळं धरायच्या काळात फुलं झाडाला परवडत नाहीत.

या रोपाखाली वेगळा खुंट नसतो. त्यामुळे पुढे बुडातून, अगदी मातीखालूनही फुटवा आला तरी तो त्याच गुलाबाचा असतो, तो उपटू नका.