सर्व्हरची मुख्य बूट डिस्क कशी बदलावी

कार्यालयाचा सर्व्हर दोन डिस्कच्या मिररवर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा ठेवणाऱ्या रेड १ वर चालत असेल, तर त्यातली एक डिस्क गेली तरी कुणाला पत्ता लागत नाही. फायली उघडतात, हिशेब चालू राहतात. नवी डिस्क बसते, डेटा तिच्यावर उतरतो आणि काम झाले असे समजून सगळे मोकळे होतात. पुढे कधीतरी उरलेली जुनी डिस्कही जाते, सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि बूट करण्याजोगे काही सापडत नाही असा संदेश पडद्यावर येतो. डेटा शाबूत असतो, पण सर्व्हर उठत नाही.

असे होते, कारण मिरर डेटा सांभाळतो. बूटची सोय बहुधा त्याच्या बाहेर असते. संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या) दोन पद्धती आहेत. जुन्या बायोस पद्धतीत बूटलोडरचा, म्हणजे प्रणाली सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, पहिला तुकडा डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये बसतो. नव्या यूईएफआय पद्धतीत तो ईएफआय सिस्टम पार्टिशन नावाच्या, फॅट मांडणीच्या छोट्या पार्टिशनमध्ये (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) असतो आणि तिथवर नेणारी नोंद मदरबोर्डवर असते. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये, म्हणजे मिरर लिनक्स स्वतःच सांभाळते तेव्हा, यातले काहीच आपोआप दुसऱ्या डिस्कवर जात नाही. खालचा क्रम याच मांडणीसाठी आहे. हार्डवेअर रेड कार्ड दोन्ही डिस्क एकच म्हणून दाखवते, त्यामुळे तिथे बूटलोडरचीही नक्कल होते. तुम्हाला फक्त योग्य डिस्क ओळखायची, बदलायची आणि रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उतरणे, पूर्ण होऊ द्यायचे.

१. डिस्क खरोखर गेली आहे का?

स्मार्टसीटीएल या आदेशाने डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल काढा. हार्ड डिस्कच्या अहवालात क्रमांक ५ (बदललेले सेक्टर), १९७ (वाचता न आलेले, निर्णयाच्या प्रतीक्षेतले सेक्टर) आणि १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर) हे आकडे वाढत असतील तर डिस्क बदला. फक्त १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलून बघा. तो आकडा डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातल्या दळणवळणाच्या चुका मोजतो.

२. बॅकअप

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल मिरर तितक्याच तत्परतेने दोन्हीकडून पुसतो. ताजा बॅकअप घ्या आणि त्यातून एक-दोन फायली परत काढून उघडून बघा. पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी), रेडची मांडणी आणि एफएसटॅब फाइल (सुरू होताना कोणते पार्टिशन कुठे जोडायचे त्याची यादी) यांच्या प्रती दुसऱ्या संगणकावर ठेवा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी, आणि ती याच सर्व्हरवर ठेवलेली नको.

३. नवी डिस्क निवडताना

क्षमता जुन्या डिस्कइतकी किंवा जास्त हवी. वेष्टनावर तोच आकडा असला तरी दोन कंपन्यांच्या डिस्कमध्ये काही सेक्टरांचा फरक पडू शकतो, आणि एवढीशी कमी पडली तरी रेड तिला नाकारतो. सेक्टरचा आकारही जुळवा: ५१२ बाइटच्या जागी निव्वळ ४०९६ बाइटची डिस्क आणली तर पार्टिशन टेबलची नक्कल जुळणार नाही. एसएमआर तंत्राच्या, म्हणजे लिखाणाचे पट्टे एकमेकांवर चढवणाऱ्या, हार्ड डिस्क टाळा. सलग मोठ्या लिखाणात त्या फार मंदावतात आणि रीबिल्ड रखडते.

४. बिघडलेली डिस्क काढण्याआधी उरणारी डिस्क बूट होते हे सिद्ध करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. इथे घाई केली तर पुढची प्रत्येक पायरी धोक्याची होते.

बायोस असेल तर चांगल्या डिस्कवर ग्रब-इन्स्टॉल (ग्रब हा बूटलोडर बसवणारा आदेश) चालवा. यूईएफआय असेल तर त्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये बिघडलेल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमधल्या सर्व फायली उतरवा आणि ईएफआयबूटएमजीआर या आदेशाने तिची स्वतंत्र बूट नोंद तयार करा. बूटलोडरची आणखी एक प्रत ठरावीक पर्यायी जागी ठेवली तर उत्तम. ग्रब-इन्स्टॉलला 'रिमूव्हेबल' हा पर्याय दिला की तो ती तिथे ठेवतो. मग मदरबोर्डवरची नोंद पुसली गेली तरी फर्मवेअर ती जागा स्वतः शोधते. उबुंटूच्या २०.०४ आवृत्तीपासून ग्रबच्या पॅकेजमध्ये एकाहून अधिक ईएफआय पार्टिशन निवडता येतात. ती सोय असेल तर जरूर वापरा, म्हणजे अद्ययावत करताना दोन्ही प्रती बरोबर राहतात.

आता एफएसटॅब उघडा. ईएफआय पार्टिशन तिथे यूयूआयडीने, म्हणजे त्याच्या खास ओळखक्रमांकाने, नोंदलेले असते आणि ती ओळख बहुधा जाणाऱ्या डिस्कवरच्या पार्टिशनची असते. ती डिस्क काढली की सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्या पार्टिशनची साधारण दीड मिनिट वाट बघते आणि मग सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो, मूळ प्रणाली धडधाकट असूनही. त्या ओळीत 'नोफेल' जोडा, म्हणजे ते पार्टिशन नसले तरी सर्व्हर पुढे सुरू होतो. खोलीत स्क्रीन-कीबोर्ड नसलेल्या सर्व्हरवर हा एक शब्द फार मोलाचा ठरतो.

मग सर्वांना कळवून सर्व्हर रीस्टार्ट करा, बूट मेनूतून मुद्दाम दुसरी डिस्क निवडा आणि तो लॉगिनपर्यंत पोहोचतो का बघा. पोहोचला नाही तर आजच कळले हे बरे. बिघडलेली डिस्क अजून जागेवर आहे.

५. ओळख पटवा

लिनक्स डिस्कना देते त्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, रीस्टार्टनंतर ती अदलाबदल होऊ शकतात. बिघडलेल्या डिस्कचा अनुक्रमांक स्मार्टसीटीएलमधून कागदावर उतरवा आणि डिस्कवरच्या लेबलशी अक्षर न् अक्षर जुळवा. लेबल दिसत नसेल तर ट्रेचा ओळख-दिवा लावा. तीही सोय नसेल तर चांगल्या डिस्कवरून सतत वाचन सुरू ठेवा; जिचा दिवा लुकलुकतो तिला हात लावायचा नाही. तरीही शंका उरली तर सर्व्हर बंद करून लेबल वाचा. चुकीची डिस्क ओढली जाणे हा या कामातला सर्वात मोठा धोका आहे.

६. काढा आणि बसवा

एमडीएडीएमने (लिनक्सचे रेड सांभाळणाऱ्या आदेशाने) आधी डिस्क 'फेल' म्हणून नोंदवा, मग 'रिमूव्ह' करा. बूट, रूट आणि स्वॅप यांचे अनेकदा वेगवेगळे ॲरे (रेडचे संच) असतात. प्रत्येकातून ती बाहेर पडायला हवी. हॉट-स्वॅप ट्रे (सर्व्हर चालू असताना डिस्क काढता येणारा ट्रे) असेल तर किंचित बाहेर ओढून अर्धा मिनिट थांबा, आतल्या तबकड्या थांबू द्या. हॉट-स्वॅप नसेल तर सर्व्हर बंद करा.

नवी डिस्क बसवल्यावर एसजीडिस्क या आदेशाने चांगल्या डिस्कचे पार्टिशन टेबल तिच्यावर उतरवा. इथे दिशेकडे नीट लक्ष द्या: नक्कल करण्याच्या पर्यायाबरोबर नव्या डिस्कचे नाव येते आणि मूळ डिस्कचे नाव शेवटी. उलटे लिहिले तर रिकामे टेबल चांगल्या डिस्कवर बसेल. एंटर दाबण्याआधी दोन्ही नावे अनुक्रमांकांशी पुन्हा ताडून बघा. टेबल उतरले की नव्या डिस्कला नवे ओळखक्रमांक द्यायचा पर्याय चालवा.

आता प्रत्येक ॲरेमध्ये नवे पार्टिशन 'ॲड' करा. एमडीस्टॅट या रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये प्रगती दिसते. शेवटी दोन्ही जागी 'यू' हे अक्षर यायला हवे, एका जागी तळरेघ असेल तर ती बाजू अजून भरायची आहे. ४ टीबी डिस्कला सेकंदाला १५० एमबी वेगाने सुमारे साडेसात तास लागतात, कामाचा भार असेल तर त्याहून जास्त. तेवढा वेळ सगळा डोलारा एकाच जुन्या डिस्कवर उभा असतो, म्हणून हे काम रात्री किंवा सुट्टीच्या आधी सुरू करा आणि मध्ये जड कामे लावू नका.

७. नव्या डिस्कवर बूट

टेबल उतरले म्हणजे ईएफआय पार्टिशन तयार झाले असे नाही. ते रिकामे असते. ते फॅट ३२ ने फॉरमॅट करा, फायली उतरवा, नवी नोंद तयार करा, काढलेल्या डिस्कची नोंद पुसून टाका आणि एफएसटॅबमधला यूयूआयडी सुधारा. बायोसवर ग्रब-इन्स्टॉल नव्या डिस्कवरही चालवा. सिंक पूर्ण झाल्यावरच चौथ्या पायरीची चाचणी या डिस्कवर करा. एकेक डिस्क प्रत्यक्ष काढून चाचणी घेणार असाल तर पहिलीनंतर मिरर पूर्ण जुळू द्या, मगच दुसरी काढा; नाहीतर दोन डिस्कवर दोन वेगळे इतिहास लिहिले जातात.

मिररच नसेल तर

एकाच डिस्कवर चालणारा सर्व्हर असेल तर तो दुसऱ्या माध्यमावरून बूट करून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर करणारे साधन) वापरा, आणि काय वाचले-काय राहिले याची नोंद ठेवणारी मॅप फाइल नक्की द्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि खराब जागांकडे नंतर वळते. मरणाऱ्या डिस्कसाठी हाच क्रम योग्य. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क एकदम जोडून बूट करू नका. त्यांचे यूयूआयडी एकच असतात आणि प्रणाली भलतीच डिस्क उचलू शकते.

काढलेल्या डिस्कवर व्यवसायाचा डेटा अजूनही आहे. ती चालत असेल तर तिचा स्वतःचा सिक्युअर इरेज आदेश वापरा. एसएसडीवर नुसते शून्य लिहिल्याने राखीव सेल पुसले जातातच असे नाही. चालत नसेल तर तिचा चुरा करून घ्या.

ट्रेवर नवा अनुक्रमांक चिकटवा. शेवटी एमडीएडीएमच्या मांडणीत मेलचा पत्ता आहे का ते बघा आणि चाचणी संदेश पाठवा. तो मेल रोज उघडला जाणाऱ्या पेटीत पोहोचला पाहिजे. कुणी वाचत नसलेल्या पत्त्यावर जात असेल तर पत्ता आत्ताच बदला.