खाडीतल्या बोटीला समुद्राच्या पाण्याचं कूलिंग बसवताना

नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळेकडच्या खाडीत ओहोटीला गाळ आणि प्लॅस्टिक भरपूर, त्यामुळे इथे खरी काळजी घ्यायची ती स्ट्रेनरची, म्हणजे आत येणाऱ्या पाण्यातला कचरा अडवणाऱ्या गाळणीची. तो सी-कॉक (समुद्राचं पाणी बोटीत घेण्याच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह) आणि पंपाच्या मधे, हात सहज पोचेल असा बसवा. झाकण बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवं, म्हणजे सी-कॉक बंद करून बोट पाण्यात असतानाही जाळी साफ करता येते. पंपाच्या ओढीच्या बाजूला तार असलेलाच होज घ्या. साधी नळी चपटी होऊन पाणी तुटतं. पाण्याखालच्या जोडांना दोन-दोन स्टेनलेस क्लिपा. इम्पेलरची (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या रबरी चाकाची) पाती तुटली असतील तर नुसता नवा टाकून थांबू नका. तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरच्या (जिथे समुद्राचं पाणी इंजिनाची उष्णता ओढून घेतं) तोंडाशी अडकतात, ते शोधून काढाच. इंजिन सुरू झाल्यावर एक्झॉस्टमधून पाणी पडताना दिसलं, की मगच दोर सोडा.