श्रीमंत देश आणि गरिबी: निबंधातल्या या चुका टाळा

परभणीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांचे निबंध तपासून माझे डोळे गेले. विषय 'विकसित देशांची धोरणं आणि गरिबी' असला की पहिल्या पानावर काय असणार ते पान न उलटता सांगतो: ०.७ टक्के. १९७० साली संयुक्त राष्ट्रांत ठरलं, श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा एवढा वाटा गरीब देशांच्या मदतीला द्यायचा. नॉर्वे, स्वीडनसारखे मोजके सोडले तर बाकीच्यांनी दिला नाही. खरंय. पण चार पानं तेवढ्यावरच?

मीही हेच करायचो. मानवतजवळच्या एका गावात कापूसवाल्यांपुढं अर्धा तास मदतीचे आकडे वाचले. मागं एक मामा चिमटीत कापूस धरून धागा ओढून बघत बसले होते. म्हणाले, "सर, मदत देतात ते कळलं. पण त्यांच्या कापसाचं काय?" माझी बोलती बंद.

घरी येऊन वाचलं. अमेरिकेत अनुदानामुळं भाव पडला तरी कापूस पेरायला परवडतो. तो माल बाहेर येतो आणि जगाचा भाव खाली ओढतो. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली यांनी जागतिक व्यापार संघटनेत नेमकी हीच तक्रार मांडली. याच देशांना अमेरिका मदतही द्यायची! तेव्हापासून माझी सवय: पानावर उभी रेघ, डावीकडं मदत, उजवीकडं भाव. उजवी बाजू कोरी दिसली की वही परत.

दुसरी चूक, 'ब्राझील जिंकला म्हणजे गरीब जिंकले.' अमेरिकेच्या याच कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत भांडला, आणि २००५ मध्ये अमेरिका अपिलातही हरली. २०१४ मध्ये तडजोड झाली आणि ३० कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस संस्थेला मिळाले. मालीचा शेतकरी त्यात पक्षकारच नव्हता.

'युरोप'चं एकच गाठोडं बांधू नका. तिथं कापसाचं अनुदान मुख्यतः ग्रीस-स्पेनला जातं.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतलं १७.१४ हे लक्ष्य धोरणांच्या मेळाचं आहे. तो आकडा नुसता टाकू नका, मेळ म्हणजे काय ते लिहा: एका हातानं दिलेली मदत दुसऱ्या हातानं काढून घ्यायची नाही. व्हॉट्सअपवरच्या नोट्समध्ये नाही सापडणार.

आणि सगळं खापर वॉशिंग्टनवर नको. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क दिल्लीनंच उठवलं, मग या सवलतीची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत नेली. म्हणजे इथं वेचणी सुरू असताना बाहेरच्या कापसाला दार उघडं.

मामांचा प्रश्न आता मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो. गेल्या बॅचला एकानं हात वर केला, "सर, हे परीक्षेत येतं का?"