स्पितीची सायकल मोहीम : कुंझुम खिंडीकडे निघण्यापूर्वी या चुका टाळा

शिमल्याहून किन्नौरमार्गे काझा आणि तेथून कुंझुम खिंड ओलांडून मनाली हा सुमारे सव्वासहाशे किलोमीटरचा मार्ग पुण्या-मुंबईच्या सायकलस्वारांना आता चांगला परिचयाचा झाला आहे. यातील बराचसा भाग वस्तीला धरून जातो. रामपूर, रिकांग पिओ, नाको, ताबो, काझा अशा ठिकाणी मुक्काम आणि जेवण यांची सोय होते, आणि काही बिघडलेच तर निदान वाहन तरी मिळते. लोसर गाव मागे पडले की मात्र चित्र बदलते. तेथून कुंझुम, बातल, छोटा दडा, छत्रू असे करत ग्रांफूपर्यंतच्या सुमारे ऐंशी किलोमीटरांत बारमाही वस्ती नाही. उन्हाळ्यापुरते चालणारे मोजके ढाबे, नदीच्या गोट्यांनी भरलेला रस्ता आणि त्या रस्त्यावरूनच वाहणारे नाले एवढेच तेथे असते. राष्ट्रीय महामार्ग ५०५ असे भारदस्त नाव असले आणि जागोजागी रुंदीकरण चालू असले, तरी सायकलस्वाराने हा रानवाटेचाच प्रवास समजावा. मोहिमेची आखणी शिमल्यापासून पुढे करत न जाता या ऐंशी किलोमीटरांपासून मागे करत यावी, असे माझे ठाम मत आहे. दिशा, तारखा, सामान आणि हत्यारे यांविषयीचा प्रत्येक निर्णय बातलच्या अलीकडे-पलीकडे टिकेल का, हे पाहूनच घ्यावा.

मनालीकडून सुरुवात करणे

सर्वांत जास्त मोहिमा येथेच फसतात. मनालीची बाजू जवळची वाटते, सुट्टीचे दिवस कमी असतात, म्हणून थेट मनाली गाठून सायकल जोडली जाते. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि बातल जवळपास ३,९६० मीटरवर. दोन-तीन दिवसांत एवढी उंची चढून तेथे रात्र काढणे म्हणजे शरीराला जुळवून घेण्याची संधीच न देणे. आपल्या महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे असल्यामुळे सह्याद्रीत कितीही घाट मारले तरी विरळ हवेचा सराव होत नाही. दमदार पाय असलेल्या माणसाला उलट जास्त धोका संभवतो, कारण तो वेगाने वर पोहोचतो. कुंझुमवर, म्हणजे साडेचार हजार मीटरच्या वर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम ५७ टक्के राहतो.

गिर्यारोहणाच्या वैद्यकशास्त्रातील सर्वमान्य नियम असा, की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. शिमल्याकडून निघाल्यास हा नियम बहुतेक वाटेवर आपोआप पाळला जातो. अपवाद नाकोचा. रिकांग पिओजवळचे कल्पा सुमारे २,९६० मीटरवर आणि नाको सुमारे ३,६६० मीटरवर असल्याने ही उडी मोठी ठरते, म्हणून नाकोला दोन रात्री राहावे. पुढे ताबो त्याहून खाली आहे आणि काझा साधारण नाकोच्याच उंचीवर. काझाहून दिवसा की, किब्बर किंवा लांगझा येथे चढून जावे आणि झोपायला पुन्हा काझाला उतरावे. कुंझुमची याहून चांगली तयारी नाही.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे आणि वाजवीपेक्षा जास्त थकवा ही पहिली लक्षणे आहेत. ती दिसली की त्या दिवशी वर जायचे नाही. लक्षणे वाढू लागली तर रात्र असो वा दिवस, खाली उतरायचे. सहकाऱ्याविषयी शंका आली तर त्याला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत सरळ रेषेत चालायला सांगावे. त्याचा तोल जात असेल, किंवा स्वस्थ बसूनही त्याला धाप लागत असेल, तर मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज येऊ लागली असे समजून, मिळेल त्या वाहनाने त्याला तातडीने खाली न्यावे. काझाला सरकारी रुग्णालय आहे. लोसरच्या पुढे गेल्यावर मात्र काझाला परतण्यासाठीही आधी कुंझुम चढावी लागू शकते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून लोसरच्या मुक्कामात डोके दुखत असेल, तर खिंड चढायला निघूच नये. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर हे विशेष सांभाळावे. गोळी घेतली म्हणून चढण्याचा वेग वाढवावा, असा तिचा अर्थ नाही.

अंतर किलोमीटरांत मोजणे आणि नाला दुपारी गाठणे

डांबरी रस्त्यावर दिवसाला शंभर किलोमीटर सहज करणारा गटही बातल ते छत्रू या सुमारे तीस किलोमीटरांत अख्खा दिवस घालवू शकतो. येथे अंतरापेक्षा घड्याळ महत्त्वाचे असते, आणि त्याचे कारण नाले. हे नाले हिमनद्यांच्या वितळणाऱ्या पाण्याचे असतात. पहाटे त्यांचे पाणी सर्वांत कमी असते, ऊन चढेल तसे ते वाढते आणि दुपारनंतर संध्याकाळपर्यंत सर्वांत जोरात वाहते. सकाळी पोटरीपर्यंत असलेला प्रवाह दुपारी चारला मांडीपर्यंत आणि गढूळ झालेला असतो, त्यामुळे तळाचे दगडही दिसत नाहीत. मोठे नाले सकाळी लवकर ओलांडता यावेत अशा बेताने आदल्या रात्रीचा मुक्काम ठरवणे, हाच या टप्प्याच्या आखणीचा गाभा आहे.

नाला सायकलवरून पार करण्याचा मोह टाळावा. पाण्याखालच्या गोट्यावरून पुढचे चाक सरकले की माणूस, सामान आणि सायकल तिन्ही एकदम पाण्यात जातात. प्रवाह जिथे रुंद आणि म्हणून उथळ असेल अशी जागा शोधावी. बूट काढू नयेत, कारण गार पाण्यात बधिर झालेले अनवाणी पाय दगडांवर टिकत नाहीत. सायकल आपल्यापेक्षा प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरावी. वरच्या अंगाला धरली तर पाणी तीच सायकल तुमच्या पायांवर लोटते. पाणी फार असेल तर पिशव्या वेगळ्या पलीकडे न्याव्यात. पाणी गुडघ्याच्या वर जोरात वाहत असेल तर ट्रकची वाट पाहावी किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावे. पलीकडे गेल्यावर कोरडे मोजे घालणे आणि चेनला तेल देणे ही दोन कामे लगेच करावीत.

सायकलविषयीच्या चुका

नवी सायकल, नवे टायर, नवे कॅरिअर घेऊन थेट मोहिमेवर निघणे ही सरसकट आढळणारी चूक आहे. पूर्ण सामान लादून दोन दिवस कच्च्या रस्त्यावर चालवल्याशिवाय कोणता बोल्ट सैल होतो ते कळत नाही. सर्वांत आधी कॅरिअरचेच बोल्ट निघतात. त्यांना पेच घट्ट धरणारा निळा गोंद लावावा, रोज मुक्कामावर चावी फिरवून पाहावी आणि त्याच मापाचे चार बोल्ट जवळ ठेवावेत.

आजच्या सायकलींचे सुटे भाग वाटेत मिळतील असे धरून चालू नये. मागच्या डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, फ्रेमशी जोडणारा हँगर हा फ्रेमनुसार बदलणारा भाग आहे, त्यामुळे गटात पाच सायकली असतील तर पाच वेगळे हँगर लागू शकतात. सायकल बसच्या टपावर उजव्या बाजूने आडवी ठेवली, की तो हमखास वाकतो. मागच्या चाकाच्या सर्वांत मोठ्या दात्यावर (दातेरी चक्रीवर) चेन अडखळू लागली तर केवळ केबल ताणत बसू नये. आधी मागून पाहून हँगर सरळ आहे का ते तपासावे, आणि वाकलेला असल्यास तो मोठा दाता वापरूच नये, नाहीतर डिरेलर स्पोकमध्ये जाऊन चाकच निकामी होते. हँगर तुटला आणि दुसरा नसला, तर चेन तोडून लहान करावी आणि एकाच गिअरवर चालावे. हा उपाय मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवरच नीट चालतो. मागे सस्पेन्शन असेल तर चेनचा ताण सतत बदलत राहतो. चेनची क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडणारी कडी, आपल्या गिअरच्या संख्येशी जुळणारीच असावी.

टायर ट्यूबलेस असले तरी प्रत्येकाकडे दोन ट्यूब हव्यातच, कारण धारदार दगडाने टायरची बाजू चिरली की आतला सीलंट (छिद्रे बुजवणारा द्रव) ती भेग भरू शकत नाही. जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा आतून लावून ट्यूब घातली तर काम निभते. ट्यूबला प्रेस्टा (बारीक नळीचा) व्हॉल्व्ह असल्यास मोटारीच्या पंपाला जुळणारा छोटा ॲडॉप्टर जवळ बाळगावा. ट्रकचालक हवा द्यायला नाही म्हणत नाहीत, पण त्यांची नळी प्रेस्टाला बसत नाही. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्यामुळे मुंबईत भरलेले टायर कुंझुमवर सुमारे ६ पीएसआय (टायरमधील दाबाचे एकक) अधिक कडक होतात. म्हणून घरी भरलेल्या हवेवर न जाता काझाला ती नव्याने तपासून थोडी कमी करावी.

ब्रेक पॅड धातुमिश्रित घ्यावेत आणि जोडी जास्तीची न्यावी, कारण चिखल आणि वाळू मऊ पॅड झपाट्याने झिजवतात. कुंझुमवरून बातलला उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात आणि पकड सुटते. वळणाआधी जोरात दाबावा आणि मग मोकळा सोडावा. लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागला तर थांबून ब्रेक आपसूक गार होऊ द्यावेत, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. गार झाल्यावरही लिव्हर मऊच लागत असेल तर ऑइलमध्ये हवा शिरली आहे, आणि मग उरलेला उतार चालत उतरणेच योग्य. पॅडचा थर एक मिलिमीटरहून कमी राहिला असेल तर तो लोसरलाच बदलावा. प्रवासासाठी सायकल सुटी करताना चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी ठेवावी, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात.

पाणी आणि शिधा

बातलच्या उंचीवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळते, त्यामुळे डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत आणि इंधन वाया जाते. त्याऐवजी पोहे, भाजलेला रवा, सातूचे पीठ, मेतकूट, चिक्की, लाडू असा कमी शिजवण्याचा किंवा बिनशिजवणीचा शिधा उपयोगी पडतो. ओढ्याचे पाणी गाळणारा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे. एकदा आत पाणी गोठले की त्यातील सूक्ष्म नळ्या फुटतात, आणि फिल्टर बाहेरून चांगला दिसत असूनही जंतू अडवत नाही.

संपर्क आणि ऋतू

लोसर ते ग्रांफू या पट्ट्यात मोबाइलवर विसंबू नये. परदेशी सायकलस्वार वापरतात तसे उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण मागवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, पण भारतात परवान्याशिवाय ते बाळगणे बेकायदा आहे. अशा उपकरणावरून गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर पोलिसी कारवाई झालेली आहे. त्याऐवजी काझा सोडताना घरी तारीखवार मुक्काम कळवावेत आणि प्रत्येक ढाब्यावर आपण पुढे कोठे चाललो ते सांगून निघावे.

जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या दरडी जीवघेण्या असतात. २०२१ मध्ये बटसेरी आणि निगुलसरी येथे अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने झालेल्या दुर्घटनांत अनेकांचे प्राण गेले. सप्टेंबरचा पूर्वार्ध मला सर्वांत योग्य वाटतो, तरी त्यातही हमी नाही. २०१८ च्या सप्टेंबरच्या उत्तरार्धात लाहौल-स्पितीत एकाएकी मोठा हिमवर्षाव होऊन शेकडो लोक अडकले होते. म्हणून परतीचे तिकीट मोहिमेच्या शेवटच्या दिवसाचे काढू नये, मध्ये दोन मोकळे दिवस ठेवावेत. ग्रांफूला पोहोचल्यावरही ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांगची चढण शिल्लक असते, हे विसरून अनेक जण आपली ताकद आणि अन्न छत्रूपर्यंतच संपवतात. ज्याचा जोर ओसरला असेल त्याने मोसमात काझाहून पहाटे सुटणाऱ्या हिमाचल परिवहनच्या बसला हात दाखवावा आणि सायकल टपावर डाव्या बाजूने, म्हणजे डिरेलर वर राहील अशी, आडवी बांधावी.