टोकामॅकच्या भिंतीवरचे काम : सोलापूरच्या एम.एस्सी. विद्यार्थ्यांसाठी

संलयन ऊर्जेच्या क्षेत्रात जायचे ठरले की आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी प्लाझ्मा सिद्धांताचे जाडजूड पुस्तक उघडतात आणि पहिल्या दोन प्रकरणांतच हबकतात. सोलापुरात एम.एस्सी. करताना माझेही लक्ष सिद्धांताकडेच होते. पण मला या क्षेत्रात टिकवले ते टोकामॅकच्या, म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त आयनित वायू) चुंबकीय क्षेत्राने कोंडून ठेवणाऱ्या कड्यासारख्या यंत्राच्या, पात्राच्या आतल्या भिंतीच्या पूर्वतयारीने, म्हणजे वॉल कंडिशनिंगने. थिन फिल्मवर, म्हणजे पातळ लेपांवर, प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींना हा विषय वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे.

आधी एक गणित करून पाहावे. प्लाझ्मात दर घनमीटरला साधारण १०चा १९वा घात इतके कण असतात आणि भिंतीच्या एका चौरस मीटरवर चिकटलेल्या पाण्याच्या एका थरातही जवळपास तेवढेच रेणू असतात. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील ‘आदित्य’ टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला; त्याच्या प्लाझ्माच्या कड्याची मोठी त्रिज्या ०.७५ मीटर आणि कड्याच्या छेदाची छोटी त्रिज्या ०.२५ मीटर. यावरून प्लाझ्माचे आकारमान एक घनमीटरहून थोडे कमी, तर त्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सात चौरस मीटरहून थोडे अधिक येते. म्हणजे भिंतीवरचा एवढा एकच थर सुटला, तरी प्लाझ्मातल्या एकूण कणांच्या कित्येक पट माल आत येतो. त्यातले ऑक्सिजन आणि कार्बन ऊर्जा किरणोत्सर्जनाने बाहेर टाकतात, प्लाझ्मा थंड पडतो आणि डिस्चार्ज, म्हणजे प्लाझ्माची ती खेप, मध्येच कोसळतो. मुलाखतीला जाण्यापूर्वी हे गणित स्वतः कागदावर मांडून जावे.

पहिला उपाय म्हणजे पात्र निर्वात ठेवून तापवणे. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या इटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकमध्ये यासाठी पहिली भिंत २४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्याची योजना आहे. त्यानंतर हायड्रोजन किंवा हेलियममध्ये ग्लो डिस्चार्ज, म्हणजे कमी दाबाच्या वायूतील मंद विद्युत विसर्जन, पेटवतात. भिंत कॅथोड असल्याने आयन तिच्यावर आदळून चिकटलेली अशुद्धी उडवतात आणि पंप ती ओढून घेतो.

नवशिक्याचा बराचसा वेळ आरजीएच्या, म्हणजे पात्रात उरलेले वायू वस्तुमानानुसार दाखवणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यासमोर जातो. वस्तुमान १८ची रेघ पाण्याची असते आणि ती दिवसेंदिवस हळूहळू उतरते. खरी कसोटी २८ची, कारण तेथे नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड एकाच जागी येतात. सोबत १४, ३२ आणि विशेषतः अरगॉनची ४० दिसली, तर हवा आत येत आहे असे समजून हेलियम लीक डिटेक्टर घेऊन फ्लँज तपासायला लागावे. सोबत १२ दिसली आणि ४० वाढत नसेल, तर भिंत अजून स्वच्छ होत आहे, थांबणेच बरे. पावसाळ्यात पात्र उघडावे लागले की भिंत पुन्हा दमट होते, म्हणून आत कोरडा नायट्रोजन भरतात. अशा वेळी सोलापूरच्या मे महिन्यातील रखरखीत हवेचे कौतुक वाटू लागते, जे घरी असताना कोणाला कधी वाटत नाही.

स्वच्छतेनंतरची पायरी लेपाची, आणि थिन फिल्मवाल्यांचा खरा प्रांत हाच. बोरोनायझेशनमध्ये बोरॉनयुक्त वायूच्या ग्लो डिस्चार्जमधून भिंतीवर साधारण शंभर नॅनोमीटर जाडीचा थर बसवतात. तो ऑक्सिजन पकडून ठेवतो, मात्र झिजतो व पुन्हा द्यावा लागतो. असा एक बोरॉनयुक्त वायू, डायबोरेन, विषारी आणि ज्वालाग्राही असल्यामुळे त्याच्या सुरक्षेचे नियम पाठ असलेच पाहिजेत. लिथियमचा लेप भिंतीवर आलेले हायड्रोजनचे कणही धरून ठेवतो, त्यामुळे थंड वायू प्लाझ्मात परत कमी जातो आणि त्याची कड तापलेली राहते. टंगस्टनच्या भिंतीचा वेगळाच जाच आहे : प्लाझ्मात लाखात काही अणूंइतके टंगस्टन शिरले तरी ते महागात पडते. इटरने पहिल्या भिंतीसाठी बेरिलियम सोडून टंगस्टन निवडल्यापासून तेथेही बोरोनायझेशनला महत्त्व आले आहे. अतिवाहक चुंबकांच्या यंत्रांत चुंबकीय क्षेत्र दीर्घकाळ चालू राहते आणि त्यात नेहमीचा ग्लो डिस्चार्ज चालत नाही. तेथे आयन सायक्लोट्रॉन लहरींनी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात आयन ज्या वारंवारतेने फिरतात तिच्या आसपासच्या रेडिओ लहरींनी, भिंत स्वच्छ करतात. संशोधनाला भरपूर वाव असलेली जागा हीच, असे माझे मत आहे.

पीएच.डी.साठी जेस्ट या प्रवेश परीक्षेची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच करावी आणि उन्हाळी कार्यक्रमाची सूचना प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर नियमित पाहावी. प्रॅक्टिकलमध्ये पंप सुरू-बंद करण्याचा क्रम, गेजची मर्यादा आणि ओ-रिंग बसवणे स्वतःच्या हाताने करून पाहावे. थिन फिल्मचा प्रकल्प असेल, तर लेप देण्यापूर्वी कक्षातील दाब किती होता आणि तो तेथवर यायला किती वेळ लागला, याची नोंद प्रबंधात जरूर असावी. मुलाखतीत बहुधा तीच विचारली जाते.